एकर विकायच्या आधी फीचा कागद उलगडा

पत्र असं आलं आहे. (लांब होतं, थोडं कापलं आहे.)

"काका, मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडी कपाशी. माझं मानधन आणि शेताचं मिळून घर चालतं, वर्षाला कसेबसे ३० हजार बाजूला पडतात. थोरली मुलगी बारावी झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाच्या माणसाचा रोज फोन येतो. फी वर्षाला २ लाख ४० हजार, होस्टेल-मेसचे १ लाख १० हजार वेगळे. 'आज सीट बुक केली नाही तर जाईल' म्हणाला म्हणून आमच्या ह्यांनी ११ हजार फोनपेवर टाकले. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजच्या फीचा फोटो सोबत पाठवते. ट्यूशन ९६ हजार, डेव्हलपमेंट १४ हजार, एकूण १ लाख १० हजार. आम्हाला दोन्ही झेपत नाही. हे रस्त्याकडचा एक एकर विकायला निघालेत. दीर म्हणतात, पोरीला एवढं कशाला, बी.एस्सी. करू द्या, जमीन धाकट्याला ठेवा. धाकटा यंदा दहावीला आहे. आम्ही मराठा, मुलीचा एसईबीसीचा दाखला काढलाय. काय करावं? पत्र लिहिलंय हे ह्यांना सांगितलेलं नाही."

ताई,

तुमच्या एकराचा इसार झाला की नाही, ते पत्रात नाही. झाला नसेल तर आधी तेवढं थांबवा. बाकीचं सावकाश वाचा. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाच्या, फेऱ्या अजून चालू आहेत, आणि रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला गिऱ्हाईक पोळ्यालाही मिळतं, दिवाळीलाही मिळतं.

तुम्ही दोन कॉलेजांची फी शेजारी शेजारी लिहिली, फरक १ लाख ३० हजारांचा दिसतो. पण या दोन आकड्यांची वजाबाकी होत नाही. सोयाबीनच्या दोन पिशव्या बाहेरून सारख्याच दिसतात, लेबल वाचल्यावर वाण कळतो. खासगी कॉलेजाचंही तसंच आहे.

एक वाण विनाअनुदानित कॉलेजांचा. संभाजीनगर, नांदेड, लातूर, बीडकडची बहुतेक खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं यातली. संस्था खासगी, सरकारी अनुदान नाही, पण कॉलेज सरकारी विद्यापीठाला जोडलेलं. यांची फी संस्थाचालकाच्या मर्जीवर नसते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे शुल्क नियामक प्राधिकरण आहे. कॉलेजनं खर्चाचा हिशेब द्यायचा आणि प्राधिकरणानं आकडा मंजूर करायचा, त्यावर घ्यायचं नाही. बहुतेक जागा सीईटीच्या गुणांवर, राज्याच्या कॅपमधून भरतात. दुसरा वाण खासगी विद्यापीठांचा आणि खासगी अभिमत विद्यापीठांचा. ती आपली फी आपण ठरवतात आणि प्रवेशासाठी माणसं फोनवर बसवतात. सगळी वाईट असतात असं मी म्हणणार नाही, त्यांतली काही उत्तम आहेत. पण तुमच्या घराला ज्याचा उपयोग आहे ती राज्य सरकारची फीमाफी त्यांच्या फाटकापर्यंत जात नाही.

ती फीमाफी काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, २०२४-२५ या वर्षापासून, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (तुमचा मराठा गट) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आधी निम्मं माफ होतं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. कॉलेज सरकारी असो, अनुदानित असो की कायम विनाअनुदानित, सवलत लागते. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र त्या निर्णयातच वगळली आहेत. मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजनं स्वतः भरलेल्या जागेलाही ती नाही, मग कॉलेज तेच का असेना.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुली असतात. एक कॅपमधून आलेली, दुसरीच्या वडिलांनी घाबरून आधीच मॅनेजमेंटची सीट घेतलेली. फळा तोच आणि शिकवणारे सरही तेच. एकीला वर्षाला १४ हजार पडतात आणि दुसरीला लाखाच्या वर. घाबरण्याची एवढी किंमत मोजलेली घरं मी बघितली आहेत.

म्हणजे पुण्याचे २ लाख ४० हजार तुम्हाला पूर्ण २ लाख ४० हजारच पडतील. संभाजीनगरच्या १ लाख १० हजारांपैकी ट्यूशनचे ९६ हजार माफ होतात आणि डेव्हलपमेंटचे १४ हजार तुमच्याकडे राहतात. फीच्या कागदावर या दोन ओळी वेगळ्या असतात आणि माफी फक्त पहिलीला असते, हे पालकांना प्रवेशाच्या खिडकीवर कळतं. मग 'सरकारनं फसवलं' म्हणून भांडण होतं. तुम्ही कागदाचा फोटो काढून पाठवलात, बरं केलंत.

आता राहण्या-खाण्याचं. माझ्या मते मराठवाड्यातल्या घराला फीपेक्षा याच खर्चानं जास्त पिळलंय, कारण त्याची पावतीही नसते आणि माफीही नसते. संभाजीनगरला खोली आणि मेस मिळून महिन्याला ६ हजार धरू, १० महिन्यांचे ६० हजार. पुस्तकं, प्रवास, प्रोजेक्ट, किरकोळ असे १० हजार. त्यात ते १४ हजार घाला. वर्षाचे ८४ हजार, चार वर्षांचे ३ लाख ३६ हजार. पुण्याचे ३ लाख ५० हजार वर्षाचे, चार वर्षांचे १४ लाख. तुम्हाला दोन्ही झेपत नाही असं वाटत होतं. एक खरंच झेपणार नाही. दुसरं ताणून झेपेल.

आणि ते ८४ हजारही खाली येतील. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नावाची योजना आहे, महाडीबीटीवरच, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर, अर्ज असतो. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या लेकराला तिचा फायदा जास्त. तुमची तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर, अल्पभूधारकाचा दाखला तहसीलला मिळतो. पैसे उशिरा येतात, म्हणून मेसचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवू नका. आले तर ते कर्जातून वजा करा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा महिन्याला एक फेरी अंगावर येणार नाही. आमच्या वेळी गावाकडून एसटीच्या टपावर डबे यायचे, कंडक्टर स्टँडवर नावानं हाका मारून वाटायचा. भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची. तेवढ्या डब्यावर कितीतरी पोरं शिकली. तुमच्या लेकीनं तसं काढावं असं मी म्हणत नाही. पण लाखाचं होस्टेल घेतल्याशिवाय शिकता येत नाही, हेही खरं नाही. आधी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाला आणि सरकारी वसतिगृहाला अर्ज करा, खासगी खोली त्यानंतर.

फोनवाल्या माणसाबद्दल थोडं बोलतो. त्याला प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळतात. 'आजच' हा शब्द त्याच्या धंद्याचा आहे. कॅपच्या वेळापत्रकात 'आजच' असं काही नसतं, तारखा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लागलेल्या असतात. तुमचे ११ हजार कुणाच्या खात्यावर गेले ते फोनपेवर उघडून बघा. संस्थेच्या नावावर गेले असतील तर लगेच लेखी मागणी करा. प्रवेश रद्द केल्यावर फी परत करण्याचे यूजीसीचे नियम आहेत आणि त्याच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात. एखाद्या माणसाच्या नावावर गेले असतील तर मागा जरूर, पण ते यायचेत असं धरून पुढचा हिशेब करू नका. आणि मुलीची मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवू नका. पडताळून परत द्यायची असतात, अडकवून ठेवायला नियमानं मनाई आहे. ज्याच्याकडं मूळ टीसी आणि मार्कमेमो अडकलाय, तो पुढं दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं तरी जाऊ शकत नाही. अडकवणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

डोनेशनचा विषय निघाला तर एकच सांगतो. राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फी घ्यायला कायद्यानं बंदी आहे. ज्या पैशाची पावती मिळत नाही तो पैसा देऊ नका.

कॅपमधून प्रवेश घेतल्यावरही काही कॉलेजं म्हणतात, 'आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत करू.' पात्र मुलीकडून माफ असलेली फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असं शासनानं कॉलेजांना पुन्हा पुन्हा बजावलं आहे. शांतपणे शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा. तंत्रशिक्षण सहसंचालकांचं विभागीय कार्यालय संभाजीनगरलाच आहे, तिथं अर्ज देता येतो हेही बोलण्यात येऊ द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तुमच्या वाटच्या १४ हजारांचे मात्र दोन भाग मागून घ्या, एक आत्ता आणि एक दसऱ्यानंतर. सोयाबीन निघाल्यावर पैसा येतो हे मराठवाड्यातल्या कॉलेजच्या क्लार्कला समजावून सांगावं लागत नाही. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, तोंडी बोलण्यावर राहू नका.

उरलेल्या पैशासाठी बँक. इथं मला माझं एक सांगायचं आहे.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच आपल्याच भागातल्या ग्रामीण शाखांत. एक शेतकरी बाप मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज मागायला आला होता. कागद पूर्ण होते. ४ लाखांच्या आत तारण लागत नाही, हे मला पाठ होतं. तरी मी त्याला 'मार्चएंड झाल्यावर या' म्हणालो, मग 'ऑडिट झाल्यावर', मग 'मोठ्या शाखेत विचारा'. शैक्षणिक कर्जात पाच-सहा वर्षं वसुली दिसत नाही, आणि पुढं खातं थकलं तर बोट मॅनेजरकडं येतं. माझ्या मनात एवढंच होतं. पुढच्या हंगामात तो शाखेत आला तो शेत विकल्याचा चेक भरायला. जाताना मला नमस्कार करून गेला. त्याला वाटत होतं मी मदतच करत होतो.

म्हणून तुम्ही काउंटरवर तोंडी विचारू नका. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून अर्ज करा. तिथं तारखेसकट नोंद राहते आणि नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं. 'तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही' या कारणावर शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि पदरची भरही लागत नाही. सही मुलीची आणि सोबत आईची किंवा वडिलांची. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅकचं किंवा त्या शाखेला एनबीएचं (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकन असेल तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. आपण गप्प बसलो तर बँक आठवण करून देईलच असं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना वेगळी आहे. ती देशाच्या क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघून घ्या, नसेल तर जीव टाकू नका, साधं शैक्षणिक कर्ज आहेच.

एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. तुमच्या मालकांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत दिसतं आणि फाईल तिथंच अडते. कर्जमाफीची वाट बघत कर्ज तसंच ठेवायची सवय आपल्याकडं पडली आहे. थकलं असेल तर आधी नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं भरून नवं उचला. किंवा सहकर्जदार म्हणून तुम्ही सही करा. तुमचं मानधन दर महिन्याला खात्यात जमा होतं, बँकेला तेच आवडतं.

किती कर्ज लागेल ते बघू. वर्षाला ८४ हजारांतले ३० हजार तुम्ही बाजूला काढता, उरले ५४ हजार. चार वर्षांचे २ लाख १६ हजार. १० टक्के व्याज आणि सात वर्षं फेड धरली, शिकतानाचं व्याज सरकारनं भरलं, तर हप्ता महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडा वर बसतो. सगळं कर्ज एकदम उचलायचं नाही, वर्षावर्षाला लागेल तेवढंच घ्यायचं. गावातला सावकार शेकडा ३ नं देतो ना? २ लाखांवर महिन्याला ६ हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी, आणि तेही पहिल्या महिन्यापासून. बिगरपरवाना सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण गुन्हा आहे म्हणून ती थांबलेली नाही. तिकडं जाऊ नका, एवढंच माझ्या हातात आहे.

कागदांचं आता. माझ्या अनुभवात फीमाफी हुकते ती पात्रता नसल्यानं क्वचित, कागदानं जास्त. दहावीच्या सनदेवर एक नाव, आधारवर दुसरं. खातं आधारला जोडलंय, पण पैसे यायला ज्या खात्याची नोंद लागते ते भलतंच, कधीकाळी गॅस सबसिडीसाठी उघडलेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे महाडीबीटीच्या अर्जावर नेट कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर. अर्जात त्रुटी निघते, मेसेज त्याच्या फोनवर जातो, तो शंभर मेसेजांत बुडतो, आणि मार्चमध्ये कॉलेज पूर्ण फी मागतं. नंबर लेकीचा टाका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, एसईबीसीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर काढा. जात पडताळणीचा अर्ज केला नसेल तर तो आजच करा. ('आजच' हा शब्द इथं मात्र बरोबर आहे.) त्याची पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. गावात कुणी ओबीसीच्या दाखल्यासाठी कुणबी नोंद शोधायचं सुचवलं असेल. मुलीच्या फीपुरतं बोलायचं तर एसईबीसी काय आणि ओबीसी काय, माफी सारखीच आहे. चालू प्रवेशात ज्या दाखल्यावर फॉर्म भरलाय त्यात गोंधळ घालू नका. आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो, दुसऱ्या वर्षी विसरणारे फार.

मुलांच्या पालकांचीही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलाला ट्यूशन फी निम्मी माफ आहे, अटी त्याच. शिवाय एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, टीएफडब्ल्यूएस म्हणून फीमाफीची सोय आहे. प्रत्येक शाखेत ५ टक्के वाढीव जागा, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, ट्यूशन फी पूर्ण माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये तिचा कोड वेगळा भरावा लागतो, आणि तिथं कटऑफ वर जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृह मिळालं नाही तर समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. समाजकल्याणच्या कार्यालयात एकदा जाऊन या.

आता तुमचे दीर. बी.एस्सी. वाईट नाही, मुलीला आवडत असती तर मीच सांगितलं असतं. पण ते बी.एस्सी. तिच्या आवडीसाठी सांगत नाहीत, जमीन वाचवायला सांगताहेत. जमीन तर विकायचीच नाही, मग त्यांचा मुद्दा कुठं उरतो? त्यांना फीचा कागद दाखवा आणि विचारा, पोरगीच्या ऐवजी पोरगा असता तर ट्यूशनचे ४८ हजार भरावे लागले असते, मग त्याला घरी बसवला असता का?

धाकट्याचंही आताच बघून ठेवा. दहावीनंतर त्याला यंत्रांची आवड असेल तर जिंतूरलाच शासकीय तंत्रनिकेतन आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, फी सरकारी, आणि घरची भाकरी. पुढं मार्क चांगले असतील तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी लातूरला किंवा नांदेडला दोन वर्षांत जो खर्च होतो तो सगळा वाचतो. आपल्याकडं डिप्लोमाला अजून उगीच दुय्यम मानतात. संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यांत जाऊन विचारलं तर वेगळं ऐकायला मिळेल. तो डॉक्टरकीचं स्वप्न घेऊन बसला असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा पुन्हा लिहा.

शेवटी कॉलेजाचं. स्वस्त पडतं म्हणून काहीही घ्यायचं नाही. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायच्या आधी एकदा जाऊन या, तुम्ही आणि मुलगी, कामाच्या दिवशी, न सांगता. ऑफिसात बसू नका. मेसजवळ उभ्या राहा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. सर वर्षभर टिकतात की मध्येच जातात? लॅबमधले कॉम्प्युटर चालू आहेत का? पहिल्या वर्षाला किती मुलं नापास झाली? होस्टेलला पाणी किती दिवसांआड येतं? संभाजीनगरात हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. रस्त्यावरच्या होर्डिंगवर एका मुलाचं पॅकेज आणि फोटो असतो. त्या एकाकडं बघू नका, त्या वर्गातल्या बाकीच्या साठांचं काय झालं ते विचारा. दोन-तीन कॉलेजं अशी बघून ऑप्शन फॉर्मचा क्रम लावा. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी वरच्या क्रमांकावर लिहाच. या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर तिथं लागेल असं वाटत नाही, पण ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

मालकांना पत्राचं सांगितलं नाही म्हणता. ते चूक करताहेत असं मला वाटत नाही. लेकीसाठी एकर काढायला तयार झालेला बाप आहे तो. त्यांना फक्त आकडे कुणी मांडून दाखवले नाहीत, आणि फोनवाल्यानं रोज घाबरवलं. वहीचं एक पान घ्या, मधून रेघ मारा. डावीकडं पुणे, उजवीकडं संभाजीनगर. फी, माफी, खोली, मेस, सगळं तुमच्या अक्षरात. बेरीज लेकीला करायला लावा, ते जेवायला बसलेले असताना, मोठ्यानं. काकांनी सांगितलं असं म्हणायची काही गरज नाही.